सल्ला : सातवीतले विज्ञान प्रकल्प बंद करू का?

नमस्कार सर,

मी सातवीला विज्ञान शिकवते. वर्गात ४५ मुलं आहेत. भौतिकशास्त्राचा भाग यंदा शक्यतो मुलांच्याच हातून करून घ्यायचा असं मी ठरवलं होतं. फुग्याची गाडी, पेरिस्कोप, विद्युतचुंबक, लंबक आणि साधी विजेची मोटर, असे पाच प्रकल्प आतापर्यंत झाले. मुलं खूश आहेत, माझ्या तासाची वाट बघतात. पण चाचणी घेतली आणि माझा धीरच सुटला. फुग्याची गाडी पुढे का जाते, याचं उत्तर अर्ध्याहून जास्त मुलांनी ‘फुग्यातली हवा बाहेरच्या हवेला ढकलते म्हणून’ असं लिहिलं. वजन वाढवलं की लंबक भरभर झुलतो, असंही पुष्कळांनी लिहिलं, आणि लंबक तर त्यांनी स्वतः केला होता! मोटर निम्म्या गटांची फिरलीच नाही, मुलं रडवेली झाली. प्रत्येक गटात एक-दोघंच काम करतात, बाकीचे बघत बसतात. घरी करायला दिलं तर आईवडिलांच्या हातचं सुबक मॉडेल येतं. तास ४० मिनिटांचा. सहकारी म्हणतात, एवढ्या वेळात सगळा धडा दोनदा शिकवून झाला असता. प्रकल्प सोडून पुन्हा खडू-फळा हातात घेऊ का?

एक विज्ञान शिक्षिका

ताई,

प्रकल्प सोडू नका. मात्र पाचाचे तीन करा, आणि त्या तिघांना आतापेक्षा दुप्पट-तिप्पट वेळ द्या.

तुमच्या पत्रातलं लंबकाचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं, कारण सगळी गोम तिथेच आहे. मुलांनी लंबक केला म्हणजे नेमकं काय केलं? दोरा बांधला, खाली नट अडकवला, झोका दिला, तो झुलला, टाळ्या झाल्या. वजनाचा प्रश्न त्यांच्यापुढे कोणी ठेवलाच नव्हता. जड वस्तू जोरात जाते ही समजूत मुलाच्या मनात पहिल्यापासून असते. लंबक झुलत होता तेव्हाही ती तशीच होती. तिला कोणी हात लावला नाही, म्हणून चाचणीत तीच उतरली. मुलांच्या हातून वस्तू तयार झाली, पण त्या वस्तूला त्यांनी काही विचारलं नाही. म्हणून माझं सांगणं एवढंच आहे, की मुलाने आधी आपला अंदाज लिहावा आणि मग मोजून त्याचा निकाल लावावा. ज्या प्रकल्पात हे दोन्ही होत नाही, तो हस्तकलेचा तास होतो. हस्तकलाही चांगलीच, पण तिच्यातून भौतिकशास्त्र आपोआप येत नाही.

लंबक पुन्हा घ्या. हो, झालेला असला तरी पुन्हा घ्या. पहिल्या तासाला साहित्य वाटायच्या आधी तीन प्रश्न फळ्यावर लिहा. वजन दुप्पट केलं तर एका झोक्याला लागणारा वेळ वाढेल, कमी होईल की तेवढाच राहील? झोका मोठा दिला तर? दोरा लांब केला तर? प्रत्येकाने स्वतःच्या वहीत पेनाने उत्तर लिहायचं आणि पुढे ‘कारण’ म्हणून एक ओळ. हात वर करून विचारू नका. हात वर करायला सांगितलं की हुशार मुलाच्या हाताकडे बघून बाकीचे हात वर जातात. वहीतलं उत्तर मात्र ज्याचं त्याचं असतं, आणि एकदा लिहिलं की ते खरं ठरतं की खोटं, याची त्या मुलाला ओढ लागते. तुम्ही वर्गातून फिरताना वाचा, पण चूक-बरोबर काही बोलू नका, चेहऱ्यावरूनही कळू देऊ नका.

मग मोजायला लावा. पहिल्यांदा एकाच झोक्याचा वेळ मोजू द्या. २५ सेंटिमीटर लांबीच्या लंबकाला एक पूर्ण झोका, म्हणजे जाऊन परत यायला, जवळजवळ बरोबर १ सेकंद लागतो. मुलांची उत्तरं मात्र ०.८, १.३, १.१ अशी काहीही येतील, कारण डोळ्याने बघून बोट दाबेपर्यंतच सेकंदाचा पाचवा हिस्सा निघून जातो. ती वैतागतील, एकमेकांना दोष देतील. देऊ द्या. कोणीतरी म्हणेल, ‘बाई, दहा झोके मोजून दहाने भागलं तर?’ त्या वाक्यासाठी थांबा. पाच मिनिटं गेली तरी चालतील, पण ते तुम्ही सांगून टाकू नका. चूक तेवढीच राहते, पण ती दहा झोक्यांत वाटली जाते, हे ज्या मुलाला स्वतःला सुचलं ते मूल पुढे कुठल्याही मापाकडे वेगळ्या नजरेने बघतं. कोणालाच सुचलं नाही, तर मात्र विचारा, ‘पुस्तकाच्या एका पानाची जाडी पट्टीने कशी मोजाल?’ एवढा धागा पुरतो.

इथे एक खोच आहे, ती आधीच माहीत असू द्या. वजन वाढवताना मुलं एका नटाखाली दुसरा, त्याखाली तिसरा अशी माळ करतात. माळ केली की वजनाचा मध्य खाली सरकतो, लंबकाची खरी लांबी वाढते आणि झोका मंदावतो. मुलं आनंदाने जाहीर करतात की वजन वाढलं की लंबक हळू झुलतो! मोजमाप खरं, निष्कर्ष चुकीचा. तेव्हा लगेच दुरुस्त करू नका. ज्या गटाने सगळे नट एकाच आकड्यात शेजारी-शेजारी अडकवले असतील, त्या गटाला त्यांच्यासमोर उभं करा. दोघांचे आकडे जुळत नाहीत आणि दोघेही खोटं बोलत नाहीत, मग फरक कुठे आहे? एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम तुम्ही फळ्यावर दहा वेळा लिहून जेवढा कळणार नाही तेवढा या भांडणात कळतो. दोऱ्याची लांबी टांगलेल्या जागेपासून वजनाच्या मध्यापर्यंत मोजायची, हेही तिथेच पक्कं होतं.

आकडे तुमच्या हाताशी असावेत म्हणून देतो. दहा झोक्यांना २५ सेंटिमीटरवर सुमारे १० सेकंद, ५० वर सुमारे १४, १ मीटरवर सुमारे २०. लांबी चौपट केली की वेळ दुप्पट होतो. १ मीटरचं उत्तर हाती आल्यावर ५० सेंटिमीटरचा अंदाज विचारा, वर्ग बहुधा १५ म्हणेल. मोजल्यावर १४.२ च्या आसपास येतं आणि लक्ष देणारी मुलं अस्वस्थ होतात. आलेख काढायला लावा. रेषा सरळ येत नाही, वाकते. सातवीत वर्गमूळाचं सूत्र द्यायची काही गरज नाही, वाकलेली रेषा डोळ्यांना दिसली की पुरे. मग शेवटचं आव्हान द्या : दहा झोके बरोबर १२ सेकंदांत पूर्ण करणारा लंबक बनवा, पण लांबी आलेखावरून आधी ठरवून वहीत लिहा. उत्तर ३६ सेंटिमीटरच्या जवळ येतं. स्वतः काढलेल्या रेषेवरून स्वतः ठरवलेला लंबक बाराव्या सेकंदाला दहावा झोका पूर्ण करतो, तेव्हा त्या गटाचा जो आवाज होतो तो नुसत्या चालत्या गाडीने होत नाही.

झोका मोठा-लहान केल्याने फरक पडत नाही असं आपण शिकवतो, ते लहान झोक्यांपुरतं खरं आहे. लंबक ६० अंशांपासून सोडला तर झोक्याला सुमारे ७ टक्के जास्त वेळ लागतो. एखाद्या काटेकोर मुलीला हा फरक सापडेल. ‘पुस्तकात तसं नाही’ म्हणून तिचा आकडा खोडू नका. तो बरोबर आहे, आणि तो सापडणं हे त्या तासातलं सगळ्यात मोलाचं काम आहे.

आता मोटर. मुलं रडवेली झाली याचं वाईट वाटलं, पण न फिरणारी मोटर हाती आलेल्या गटाकडे फिरणाऱ्या मोटरवाल्यांपेक्षा शिकायला जास्त काही होतं. आपण शिक्षक अशा वेळी पटकन जातो, वेटोळं सरळ करतो, टिचकी मारतो, ते फिरतं, मुलं हसतात, आणि ते का फिरत नव्हतं हे कोणालाच कळत नाही. हात मागे ठेवा आणि विचारा, ‘वेटोळ्यातून वीज जाते आहे का? कशावरून म्हणता?’ मग टॉर्चचा छोटा बल्ब त्याच मार्गात जोडून बघू द्या. बल्ब पेटला नाही तर दहातल्या आठ वेळा कारण एकच असतं. वाइंडिंगच्या, म्हणजे वेटोळ्याच्या, तारेवर वीज अडवणाऱ्या इनॅमलचा पातळ थर असतो, तो तांब्यासारखाच चमकतो, त्यामुळे मुलांना तार उघडीच वाटते. थर खरवडला की बल्ब पेटतो.

खरवडायचंही एक शास्त्र आहे. एक टोक सगळ्या बाजूंनी खरवडायचं. दुसऱ्या टोकाचा, वेटोळं उभं धरून, फक्त वरचा अर्धा भाग खरवडायचा आणि खालच्या अर्ध्यावर थर तसाच ठेवायचा. कृतीच्या कागदावर हे वाक्य असतं आणि मुलं ते पाळतात किंवा विसरतात, पण कशासाठी ते विचारत नाहीत. म्हणून एका गटाला मुद्दाम दोन्ही टोकं पूर्ण खरवडायला लावा. वेटोळं बहुतेक वेळा थरथरतं, इकडे-तिकडे डुलतं, पण फिरत नाही. अर्ध्या फेरीत चुंबक त्याला एका बाजूला ढकलतो आणि पुढच्या अर्ध्या फेरीत उलट. अर्धा थर ठेवला की नको त्या अर्ध्या फेरीत वीज बंद पडते आणि वेटोळं आपल्याच वेगाने पुढे सरकतं. हे मुलांनी शोधून काढावं अशी अपेक्षा ठेवू नका, सातवीच्या मुलांना ते जड जातं. थरथरणारं आणि फिरणारं वेटोळं शेजारी-शेजारी ठेवा आणि मग फळ्यावर समजावून सांगा. आता ते ऐकायला वर्ग तयार असतो.

तेव्हा खडू-फळा की प्रकल्प, असं भांडण लावूच नका. दोन्ही लागतात, फक्त क्रम बदला. आधी अंदाज, मग हाताने करणं, आणि शेवटी फळा. फळा आधी आला तर मुलं तुमचं उत्तर पाठ करून त्याला साजेसे आकडे लिहितात. सगळंच मुलांवर सोडून फळा आलाच नाही, तर बरीचशी मुलं नटांच्या माळेपाशीच अडकून राहतात.

फुग्याच्या गाडीची गोष्ट निराळी आहे. तो प्रकल्प मी तुमच्या यादीतून काढेन, निदान त्या प्रश्नासाठी. हवा बाहेरच्या हवेला रेटते म्हणून गाडी पुढे जाते, की फुगा हवेला मागे लोटतो आणि हवा फुग्याला पुढे लोटते म्हणून? गाडी बघून हे ठरतच नाही. दोन्ही समजुतींमध्ये गाडी पुढेच जाते. मुलांनी चूक केली असं मी म्हणणार नाही, त्यांच्यापुढे दुसरा पुरावाच नव्हता. हीच चूक १९२० साली न्यूयॉर्क टाइम्सच्या अग्रलेखात झाली होती. अमेरिकन रॉकेटशास्त्रज्ञ रॉबर्ट गोडार्ड यांच्या रॉकेटची खिल्ली उडवताना, पोकळीत रेटायला काही नसताना रॉकेट पुढे कसं जाणार, असं त्यात म्हटलं होतं. १७ जुलै १९६९ रोजी, अपोलो ११ चंद्राच्या वाटेवर असताना, त्या वृत्तपत्राने चूक मान्य केली. वर्गात हे जरूर सांगा. ज्यांनी तसं उत्तर लिहिलं, त्या मुलांच्या खांद्यावरचं ओझं उतरेल.

त्या प्रश्नाचा निकाल लावणारा प्रयोग असा. चाकं लावलेल्या बुटक्या फळीवर एका मुलाला मांडी घालून बसवा, मागे-पुढे आधाराला दोघं उभे करा. त्याने भरलेलं दप्तर समोरच्याकडे जोरात ढकलून द्यायचं. फळी मागे सरकते. आता हातात काही न घेता, तेवढ्याच जोराने नुसता हवेत तसाच हात करायचा. आधी अंदाज लिहून घ्या! बाहेरच्या हवेला रेटूनच पुढे जाता येत असेल, तर दोन्ही वेळा फळी सारखीच सरकायला हवी. रिकाम्या हातांनी ती जागच्या जागी जेमतेम हलते. मुलाने दप्तराला लोटलं, दप्तराने मुलाला लोटलं, मधल्या हवेचा त्यात काही संबंध नव्हता. मग फुग्याकडे परत या आणि विचारा, ‘फुग्याचं दप्तर कोणतं?’ या प्रश्नाचं उत्तर मुलं स्वतः देतात.

तीन प्रकल्प कोणते, हे विचाराल म्हणून सांगतो. लंबक एक. विजेचा एक, मोटर किंवा विद्युतचुंबक. विद्युतचुंबक घेतलात तर वेढे वाढवताना तारेची एकूण लांबी तेवढीच ठेवा, उरलेली तार कापू नका, बाजूला मोकळी सोडा. नाहीतर वेढ्यांबरोबर तारेचा रोधही, म्हणजे विजेला होणारा अडथळाही, बदलतो आणि टाचण्या नेमक्या कशामुळे जास्त चिकटल्या ते सांगता येत नाही. आणि तिसरा प्रकाशाचा. पेरिस्कोपच्या जागी मी सूर्याची प्रतिमा घेईन, कारण एवढ्या कमी साहित्यात एवढी मोठी गोष्ट हाती देणारा दुसरा प्रकल्प मला माहीत नाही.

एका छोट्या आरशावर कागद चिकटवा आणि कागदात सुमारे ५ मिलिमीटरचं त्रिकोणी भोक पाडा. आरसा खिडकीत उन्हात अशा रीतीने पक्का बसवा, की कवडसा वर्गाच्या आतल्या भिंतीवर पडेल. खिडकीजवळ कागद धरला तर कवडसा त्रिकोणी दिसतो. आता विचारा, समोरच्या भिंतीवर कसा दिसेल? सगळा वर्ग त्रिकोण काढेल, थोडा मोठा. भिंतीवर मात्र गोल पडतो. मुलं भोक तपासायला धावतात, तुम्ही भोकाची फसवणूक केली असा त्यांना संशय येतो. चौकोनी भोक पाडा, तरी गोलच. तो गोल भोकाचा नाही, सूर्याचा आहे. दाट झाडाखाली जमिनीवर पडणारे कवडसे गोल असतात तेही याच कारणाने, आणि खंडग्रास सूर्यग्रहणात तेच कवडसे चंद्रकोरीसारखे होतात.

मग पट्टी घ्या. आरशापासून भिंत १० मीटरवर असेल तर गोलाचा व्यास ९ ते १० सेंटिमीटर भरतो. त्यातून भोकाचा आकार वजा करा आणि जे उरेल त्याने भिंतीच्या अंतराला भागा. उत्तर १०८ च्या आसपास यायला हवं. मुलांचं ९५ आलं किंवा १२० आलं तरी मी त्यांची पाठ थोपटेन. सूर्य आपल्यापासून सुमारे १५ कोटी किलोमीटरवर आहे, हा एक आकडा त्यांना द्या. भिंतीचं अंतर गोलाच्या जितके पट, तितकेच पट सूर्याचं अंतर त्याच्या व्यासाच्या असतं, म्हणून १५ कोटींना १०८ ने भागलं की सुमारे १४ लाख किलोमीटर येतात, तो सूर्याचा व्यास. बारा वर्षांच्या मुलाने आरशाचा तुकडा आणि पट्टी घेऊन सूर्य मोजला, हे त्याला जन्मभर पुरतं. भोकातून किंवा आरशातून सूर्याकडे कोणीही, एक क्षणही बघायचं नाही, हे मात्र प्रयोगाआधी, प्रयोग चालू असताना आणि नंतरही बजावा. आरसा हातात देऊ नका, चिकटवूनच ठेवा, म्हणजे उन्हाची तिरीप कोणाच्या डोळ्यांवर मारायचा खेळ सुरू होत नाही.

गॅलिलिओची गोटी राहून गेली, ती हौस म्हणून कधीतरी घ्या. दोन मीटर लांब खाच, एक टोक १०-१२ सेंटिमीटर उचललेलं, आणि खाचेवर आडवे बांधलेले चार दोरे. गोटी दोऱ्यावरून जाताना ‘टक’ आवाज होतो. गोटी सोडल्याच्या क्षणापासून चारही आवाज एकसारख्या तालात येईपर्यंत दोरे सरकवत राहायचं, मग सुरुवातीपासूनची अंतरं मोजायची. ती १, ४, ९, १६ या प्रमाणाच्या जवळ येतात. स्टॉपवॉच लागतच नाही, कान पुरतात. गॅलिलिओने वेळ मोजायला भांड्यातून पडणारं पाणी तोललं होतं, असं त्यानेच १६३८ साली छापलेल्या पुस्तकात लिहून ठेवलं आहे.

एक-दोघंच काम करतात, याचा इलाज गट लहान करणं. तिघांचा गट, त्याहून मोठा नको. ४५ मुलांचे १५ गट होतात, आणि दोरा-नट तर १५ गटांना सहज पुरतात. तिघांची कामं ठरलेली : एकाचे हात, एकाचं घड्याळ, एकाची वही. प्रत्येक मापानंतर कामं फिरवायची. हे तुम्ही जातीने बघा, कारण मोकळं सोडलं की कात्री आणि तार मुलांच्या हातात जाते आणि वही मुलीच्या, कोणी ठरवलेलं नसतानाही. सुंदर अक्षर हे वही सांभाळायचं कारण होऊ देऊ नका. गटाजवळ गेलात की प्रश्नही त्या वेळी गप्प असलेल्या मुलाला विचारा.

घरी करायचं काम बंदच करा. बनवायचं ते सगळं वर्गात. घरी न्यायचा तो फक्त आलेख, किंवा ‘झाडाखालचे कवडसे बघून या’ असं काहीतरी. गुण वस्तूच्या देखणेपणाला देऊ नका, वहीला द्या : अंदाज आणि त्याचं कारण, मापांचा तक्ता, अंदाज चुकला असेल तर का चुकला याच्या दोन ओळी. चुकलेल्या अंदाजाचे गुण कापायचे नाहीत, कारणच लिहिलं नसेल तर कापायचे. एकदा हे लागू केलं की आईवडिलांच्या हातच्या मॉडेलला काही अर्थच उरत नाही, आणि मोटर न फिरलेल्या गटालाही पूर्ण गुण मिळू शकतात.

वेळेचं गणित असं बसतं. एक प्रकल्प, चार तास : पहिल्यात अंदाज आणि पहिली गोंधळाची मापं, दुसऱ्यात नीट मापं, तिसऱ्यात आलेख, वाद आणि फळा, चौथ्यात आव्हान. तीन प्रकल्पांचे वर्षभरात बारा तास होतात. बाकीचे धडे तुम्ही नेहमीच्या पद्धतीने शिकवा, त्यात कमीपणा काही नाही. सहकाऱ्यांशी वाद घालू नका. त्यांना चौथ्या तासाला बोलवा आणि एखाद्या गटाजवळ बसून ‘ही लांबी कशी ठरवलीत?’ एवढंच विचारू द्या.

चाचणी मात्र बदलावी लागेल. ‘लंबकाचा आवर्तकाल (म्हणजे एका झोक्याचा वेळ) कशावर अवलंबून असतो?’ हा प्रश्न पाठांतराने सुटतो. त्याऐवजी असं विचारा : एका मुलाने नट एकाखाली एक अडकवले, झोका मंदावला, तो म्हणतो वजनामुळे मंदावला, त्याला काय सांगाल आणि त्याने काय करून बघावं? किंवा चार मापांचा तक्ता द्या, त्यात एक आकडा मुद्दाम चुकीचा घाला आणि तो शोधायला लावा. ज्याने हाताने केलं आहे त्याला तो ओळखू येतो.

थोडं जपायचं तेही सांगून टाकतो. वर्गातले सगळे विजेचे प्रकल्प १.५ व्होल्टच्या साध्या सेलवर करा, भिंतीतल्या विजेला हात नाही. विद्युतचुंबकाची जोडणी पाच-सात सेकंदांपेक्षा जास्त ठेवू नका, तार आणि सेल दोन्ही तापतात. बटणासारखे सेल आणि छोटे, फार शक्तिशाली चुंबक वर्गात आणूच नका. सातवीतलं मूल ते बहुधा गिळणार नाही, पण खिशातून घरी गेलेला चुंबक लहान भावंडाच्या हाती लागतो, आणि असे दोन चुंबक पोटात गेले तर आतड्यांना भोक पडू शकतं. जाडसर गोल चुंबक मोटरला पुरतो.

आणि प्रत्येक प्रकल्प आदल्या दिवशी स्वतः पूर्ण करून बघा, त्याच खोलीत, त्याच साहित्याने. लंबकाचा दोरा टेबलाच्या कडेला घासतो का, सेलमध्ये दम आहे का, तुमच्या तासाला खिडकीत ऊन येतं का की ते आधीच सरकून गेलेलं असतं, हे तेव्हाच कळतं. ऊन नसेल तर वेळापत्रकात तास बदलून घ्या, सूर्य काही आपल्यासाठी थांबणार नाही.